लेकीच्या घरचे पाणी

माझ्या बहिणीच्या तेराव्याला, साताऱ्यात तिच्या सासरच्या अंगणात, पंगत उठल्यावर माझा धाकटा भाऊ चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमच्या आबांनी मरंस्तवर लेकीच्या घरच्या पाण्याला तोंड लावलं न्हाई. असा करारी गडी आता बघायला मिळायचा न्हाई."

सुपारी कातरत बसलेल्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात बहिणीच्या दिराचा मुलगा, जो त्या काळी जन्मलाही नव्हता, हसून म्हणाला, "काका, ते तुमी सांगताय. आमची आजी वेगळंच सांगायची. मोटार केलीवती न्हवं त्या दिवशी? तुमचे आबा आमच्याच सोप्यात दार लावून पोटभर जेवले आन् मग मोटारीत बसले. मोटार आपली लोकांस्नी दाखवायला."

माणसे हसली. तेराव्याच्या दिवशी माणसे जरा सैल हसतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या दोन्ही गोष्टींबद्दल आहे. एका गोष्टीत माझे वडील दगड आहेत, दुसरीत चोर. ते यांपैकी काहीही नव्हते. त्या दिवशी त्या मोटारीत आबा होते, बहीण होती, मी होतो आणि मोटार चालवणारा होता. आता मी एकटा उरलो आहे. भावाने मोटार पाहिली नाही, त्या पोराने आबा पाहिले नाहीत. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगण्याचा धंदा आमच्या घराण्यात पूर्वी नव्हता, तो अलीकडे सुरू झाला आहे.

इतकी वर्षे मी गप्प का राहिलो, असे भावाने त्याच संध्याकाळी मला विचारले. मी बहिणीला शब्द दिला होता म्हणून. तो शब्द ती असेपर्यंतचा होता. ती आता नाही. तेव्हा ऐका.

आमच्याकडे लेक दिली की तिला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही. पाणीसुद्धा नाही. पहिले नातवंड झाले की बारशाला बाप लेकीच्या घरी पहिल्यांदा पानावर बसतो, आणि त्या दिवशी व्याही त्याला आग्रह करकरून वाढतात. शिकलेले लोक याला खुळचट रूढी म्हणतात. काही जण उलट सांगतात, की नव्या घरात लेकीवर माहेरचा भार पडू नये म्हणून आपल्या शहाण्या पूर्वजांनी ही सोय केली. मला दोन्ही स्पष्टीकरणे मान्य नाहीत. रूढी कशासाठी निघाली हे ती काढणाऱ्याला ठाऊक. माझ्या वडिलांनी ती कशासाठी पाळली, एवढेच मी सांगू शकतो, आणि तेही त्या दिवसापासूनच.

आमचे गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठचे. बहीण दिली ती साताऱ्यात. तिचे सासर मूळचे माण तालुक्यातले, पण सासऱ्यांनी पाण्याविना राहणे सोडून साताऱ्यात घर केले होते आणि मेहुणे तिथेच एका कचेरीत नोकरीला होते. लग्न झाले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ यायचा होता. दुष्काळ आला, गेला, पाऊसपाणी पुन्हा रुळावर आले. बहिणीची कूस मात्र उजवली नाही.

आबा वर्षातून दोनदा लेकीला भेटायला जात. सांगलीहून सकाळची एसटी धरायची, सोबत फिरकीचा पितळी तांब्या, त्यात आमच्या विहिरीचे पाणी. झाकण घट्ट फिरवलेले. साताऱ्यात पोचल्यावर ते घराच्या पुढल्या सोप्यात आपलीच घोंगडी अंथरून बसत, तोंड दाराकडे. लेक माजघराच्या चौकटीशी उभी. तास-दीड तास इकडचे तिकडचे बोलणे होई, मध्ये आबा आपल्या तांब्यातून घोटभर पाणी पीत, आणि उठत. चहा समोर आला तर ते कपाला हात लावून नमस्कार करीत.

एकदा बहिणीच्या सासूबाई न राहवून म्हणाल्या, "व्याही, आमच्या घरात काय इख कालवत न्हाईत."

आबा म्हणाले, "इख चाललं असतं विहीणबाई. पाणी चालत न्हाई."

हे उत्तर माझा भाऊ नेहमी सांगतो आणि त्यावर मांडी थोपटतो. उत्तर खरे आहे, मी तिथे होतो. पण उत्तर दिल्यावर आबांनी मान खाली घालून झाकणाची फिरकी किती वेळ उगाचच फिरवली, ते तो सांगत नाही. त्याला ते माहीत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. दिवाळीनंतर आबांना दम लागू लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी चढ चढू नका, ओझे उचलू नका, मन शांत ठेवा, असे सांगितले. शेतकऱ्याला या तिन्ही गोष्टी सांगणे म्हणजे काय, हे डॉक्टरांना ठाऊक असावे, कारण ते सांगताना आबांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते. आणि इकडे साताऱ्यात बहिणीच्या सासूबाईंनी माणमधल्या कुणाच्या तरी पोरीचे नाव घरात दोनदा काढले होते. दुसरी सोयरीक. मेहुणे ऐकून गप्प बसत. गप्प बसणे म्हणजे होकार की नकार, ते बहिणीलाही तेव्हा सांगता येत नव्हते.

मी त्या काळी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका शाळेत इतिहास शिकवीत होतो. संक्रांतीचे वाण घेऊन मी साताऱ्याला गेलो, तेव्हा बहिणीने मला दाराबाहेर गाठले आणि म्हणाली, "दादा, आबांना एकदा सातारा दाखवूया. मोटार बघ एखादी."

"त्यांनी काय सातारा पाहिला नाही?"

"स्टँड बघितलाय आन् आमचा सोपा बघितलाय." मग हळू म्हणाली, "बागेला काय छप्पर नसतंय दादा. मी डबा घेऊन येते. तिथं जेवतील की."

मला ते एकदम पटले. घरच्या उंबऱ्याआडचे अन्न वर्ज्य. बाग तर नगराची, कुणाच्याही मालकीची नाही. तिला आणखी काही म्हणायचे होते, पण ती थांबली. पुढे एवढेच बोलली, "माझ्या चुलीवरचं त्यांनी लगीन झाल्यापासनं खाल्लेलं न्हाई. एकदा खाऊ देत." आबांच्या दम लागण्याचे तिला मीच सांगितले होते. तिला काय हवे होते ते मला समजले, आणि जे समजले ते खरेच होते. मात्र ते निम्मेच होते.

तेव्हा मोटार ऐट दाखवायला केली होती, हे त्या पोराचे म्हणणे मी इथेच खोडून काढतो. मोटार बहिणीने करायला लावली.

माघातला दिवस होता. स्टँडावरून ठरवलेली काळी अँबॅसॅडर गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. चालवणारा सदर बझारातला, चाळिशीचा, पुढच्या काचेला प्लास्टिकची फुले लावलेला आणि सातारा शहर जणू त्याच्या आजोबांनीच वसवले अशा थाटात बोलणारा. मी सोप्यात गेलो, आबा मोटारीतच बसून राहिले. बहीण हातात चौपुडी डबा आणि कापडाने बांधलेली बरणी, काखेत पाण्याची लहान कळशी घेऊन बाहेर आली. सासूबाई दारापर्यंत आल्या. आबांनी मोटारीतूनच हात जोडले. यानंतर मोटार निघेपर्यंत आबा खाली उतरले नाहीत. दार लावून सोप्यात जेवले म्हणणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

मोटार अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे वळली तसा चालकाने तोंड उघडले.

"बाबा, हे बघा, ह्या किल्ल्यावरनं भुयार निघतंय, ते थेट सज्जनगडाला."

मी म्हणालो, "असा कसलाही पुरावा नाही. प्रत्येक गडाखाली लोक भुयार सांगतात. मध्ये दरी आहे, नदी आहे..."

"गुरुजी, नदीच्या खालनं जातंय."

आबांनी विचारले, "तू गेलायस का त्यातनं?"

"मी न्हाई. माझा आजा गेलता."

"मग माघारी कसा आला? मोटारीनं?"

चालक इतका हसला की मोटार डगमगली. बहीणही हसली. तिला मोकळेपणी हसताना मी बऱ्याच महिन्यांनी पाहत होतो. मी पुन्हा पुराव्याचे बोलू लागलो तसे आबा म्हणाले, "मास्तर, ऱ्हाऊ दे. त्याचं भुयार त्याला असू दे. तुझ्या बापाचं काय जातंय?" घरात मला कुणी मास्तर म्हणत नसे. आबा म्हणत, ते मला गप्प करायचे असेल तेव्हाच.

डोंगरावरच्या 'चार भिंती' या जुन्या स्मारकाच्या खाली मोटार थांबली. तिथून वर चढ आहे. मी आबांना डॉक्टरांची आठवण करून दिली.

"डॉक्टर सांगलीकडचा हाय," आबा म्हणाले. "त्याला चढ कसला ठावं?"

ते चढले. बहिणीने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दर थोड्या पायऱ्यांनी स्वतःलाच दम लागल्यासारखी ती थांबत गेली. हे तिचे नाटक त्यांच्या लक्षात आले असणार, पण तेही तिच्यासाठी थांबल्यासारखे थांबत गेले. वर पोचल्यावर खालचे शहर एका नजरेत आले. लाल कौले, मधूनच पांढऱ्या गच्च्या, पेठांच्या वळणदार रेघा, आणि समोर यवतेश्वराचा लांबट डोंगर. वाऱ्याने आबांचा फेटा सुटू लागला, तो त्यांनी एका हाताने धरला.

"तुझं घर कुठलं?" त्यांनी विचारले.

बहिणीने बोट केले. "ते देवळाचं शिखर दिसतंय न्हवं? त्याच्या उजव्या अंगाला. पत्र्याची पडवी. तिथं मी वाळवणं घालते."

आबा फार वेळ पाहत राहिले. त्या घरात ते दरवेळी दाराकडे तोंड करून बसत. आत काय आहे, चूल कुठल्या भिंतीला, लेक कुठल्या खिडकीशी बसून निवडते, यांतले त्यांनी कधी काही पाहिले नव्हते. शेवटी म्हणाले, "इथनं बरं दिसतंय."

चालक तिथे काहीतरी राजघराण्याची गोष्ट सांगत होता. ती चुकीची होती, पण मी ती दुरुस्त केली नाही.

पुढे घाट चढून यवतेश्वराला गेलो. देवळात आम्ही थोडाच वेळ थांबणार होतो. आबांनी मात्र खांद्यावरच्या घोंगडीच्या घडीतून नारळ काढला. तो त्यांनी घरून आणला होता, हे मलाही माहीत नव्हते. देवापुढे फोडला, आणि एक भकल घेऊन बाहेर आले. बहीण सभामंडपाच्या पायरीवर उभी होती. ते तिला म्हणाले, "पदर पुढं कर."

तिने पदर पसरला. त्यांनी भकल ओटीत घातले.

ओटीत नारळ कशासाठी घालतात हे आमच्या भागातल्या कुणाला सांगावे लागत नाही. देवाकडे मागण्याची ती रीत आहे, आणि जी मागितली जाते ती गोष्ट एकच असते. बहिणीने खाली वाकून आबांच्या पायांना हात लावला. उठली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, की मी दुसरीकडे पाहिले. मोटारीत परत येताना घाटभर तिने ओटीतले भकल दोन्ही हातांनी धरले होते. चालकाने एका वळणावर भुयाराचा विषय काढला आणि मागे आरशात पाहून अर्ध्यावर सोडला.

बाग पेठेतली होती. फार मोठी नव्हे. मेंदीचे छाटलेले कुंपण, मध्ये बंद पडलेले कारंजे, कडेला अशोकाची झाडे आणि एका बकुळीभोवती दगडी कट्टा. तिथून अजिंक्यतारा डोक्यावर आल्यासारखा दिसे. चालक म्हणाला, मी चहा पिऊन येतो, तुम्ही निवांत बसा. आम्ही हिरवळीच्या कडेने चाललो होतो, तोच नळीने पाणी घालणारा माळी ओरडला, "ओ फेटेवाले, हिरवळीवर पाय न्हाई!"

आबा थांबले. "आरं, माझ्या रानात गवात आलं तर मी त्यावर पाय देऊन खुरपतो, आन् तू त्याला पाणी घालतूस!"

माळी क्षणभर गोंधळला आणि हसून पुढे गेला. आम्ही बकुळीच्या कट्ट्यावर बसलो.

बहिणीने डबा सोडला. शाळूच्या भाकरी, मेथीची भाजी, लसणाची चटणी, कांदा. बरणीचे कापड सोडले तसा गुळाचा वास आला. खपली गव्हाची खीर. आमच्या कृष्णाकाठची ती खास गोष्ट. साताऱ्यात तिच्या सासरी ती कुणी करीत नसे. खपली तिने माहेरूनच नेऊन जपून ठेवलेली होती. तिने सोबत आणलेल्या पितळीत, म्हणजे खोलगट ताटलीत, भाकरी ठेवली, भाजी वाढली, वाटीत खीर घातली, आणि पितळी आबांपुढे सरकवली.

आबांनी पितळीकडे पाहिले आणि हात मांडीवर ठेवला.

"खा आबा," ती म्हणाली. "हितं कुणाचं छप्पर न्हाई. शाळू आपल्या रानातला, खपली आपल्या रानातली."

"चूल?"

"चूल माझी."

"माझी म्हंजी त्यांची."

मी मध्ये पडलो. शास्त्रार्थ करण्याची मला सवय होती. मी म्हणालो, आबा, नियम घराचा आहे, ही बाग आहे. नियमाचे शब्द पाहिले तर...

"मास्तर." त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग लेकीला म्हणाले, "छपराचं न्हवं गं बाय. चुलीचंबी न्हवं. तुला वाटतंय मी मानासाठी बसलोय? हिथं कुणाला बघायचंय माझा मान?"

"मग?"

त्यांनी मांडीवरचा हात कट्ट्यावर टेकला. दम लागला होता की शब्द जड होते, मला कळले नाही. "बापानं जेवायचं ते लेकीला लेकरू झाल्यावर. मी एक घास घेतला की मीच म्हणल्यासारखं हुतंय, हिला आता काय हुत न्हाई. सगळं जग म्हणू दे. बापानं म्हणायचं व्हय ते?"

इतकी वर्षे तांब्यातले पाणी पिऊन उठणाऱ्या माणसाचे मन मला त्या वाक्यात पहिल्यांदा दिसले. ते उपाशी राहत होते ते दार उघडे ठेवण्यासाठी. जोवर बाप जेवत नाही, तोवर नातवंड यायचे आहे.

बहीण कट्ट्यावरून उतरली आणि खाली, त्यांच्या पायांशी बसली. पदरातले भकल तिने हातात घेतले. म्हणाली, "आबा, मिरजंच्या डॉक्टरीणबाईंनी मला मागंच सांगितलंय. दोन वर्षं झाली. मला न्हाई व्हायचं. ह्यांना म्हायती हाय. ह्यांनी त्यांच्या आईला सांगितलं न्हाई, आन् मीबी तुमाला सांगितलं न्हाई."

आबांची नजर त्या भकलावर गेली.

"तुमी म्हणू नका. मीच म्हणते, माझ्या तोंडानं. झालं? आता तुमी नुसतं जेवा. मला तेवढं एक ऱ्हायलंय."

आबांनी बराच वेळ अजिंक्यताऱ्याकडे पाहिले. आमच्या भावाच्या कल्पनेतला करारी गडी इथे उठला असता आणि मोटारीकडे चालू लागला असता. माझे वडील उठले नाहीत. ते म्हणाले, "पाणी दे हातावर."

तिने आपल्या कळशीतले पाणी, घरून आणलेले, त्यांच्या हातावर घातले. त्यांनी हात धुतले, फेट्याच्या टोकाला पुसले आणि भाकरी मोडली. पहिला घास घेताना त्यांनी डोळे मिटले होते. दुसरा घास चावून म्हणाले, "मीठ कमी हाय."

आईच्या स्वयंपाकाला ते रोज हेच म्हणत. आमच्या घरात जेवण सुरू झाल्याची ती खूण होती.

बहिणीने पुडीतले मीठ चिमटीने वाढले. "हात आईवर गेलाय तुझा," ते म्हणाले. मग खीर ओढून घेतली. बहिणीने त्या भकलाचा तुकडा काढला, डब्याच्या झाकणात ठेचला आणि खिरीत घातला. देवाकडे मागितलेली गोष्ट तिने स्वतःच्या हाताने बापाच्या वाटीत परत केली. आबांनी ते पाहिले. वाटी बोटाने निपटून घेतली.

बहीण रडली का, असे कुणी विचारील. रडली नाही. ती त्यांना वाढत होती. वाढणाऱ्या बाईला तेवढी सवड नसते.

जेवण झाल्यावर ती मला म्हणाली, "दादा, हे कुणाला कळता कामा नये. आबा जेवले असं सासूबाईंना कळलं, तर माहेरच्यांनीच हात टेकले असा अर्थ घेतील, आन् त्या माणच्या पोरीचा उद्याच साखरपुडा. माझं पोरासाठी दार उघडं हाय असं त्यांना वाटू दे. मी जिती हाय तवर."

आबा म्हणाले, "मी जेवलोच न्हाई. कुठं जेवलो?" आणि मिशी पुसली.

तेव्हा चालक चहा पिऊन परतला होता. रिकामा डबा पाहून म्हणाला, "बाबा, आमच्यासाठी कायच ठेवलं न्हाई का?" बहिणीने बरणीच्या तळाची खीर त्याला दिली, आणि घरी जाऊन सासूबाईंना सांगितले की डबा ड्रायव्हरने आणि दादाने संपवला. सासूबाईंना ते पटले नसावे. रिकाम्या डब्यावरून त्यांनी तर्क केला, आणि पुष्कळ वर्षांनी नातवंडांना सांगताना तर्काला जागा हवी म्हणून आपला सोपा दिला. त्यांच्या गोष्टीचा उगम हा. गोष्टीचा शेवट त्यांनी बरोबर ओळखला होता, जागा आणि कारण मात्र चुकले. माणसाच्या चरित्रात या दोन गोष्टी चुकल्या की काय शिल्लक राहते, ते तेराव्याला आपण ऐकलेच.

मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबली. आबांचा फिरकीचा तांब्या रिकामा झाला होता. बहिणीने तो मागितला, आत गेली, आणि भरून आणून मोटारीच्या खिडकीतून त्यांच्या हातात दिला. गल्लीतले दोन-चार जण बघत होते. बघणाऱ्यांना वाटले, म्हातारा तांब्या विसरला असावा. आबांनी तो मांडीवर घेतला आणि सांगलीपर्यंत एसटीत तो सोडला नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊ, तेव्हा विशीतला, चुलीपुढे जेवत होता. आईने विचारले, "दिवसभर काय खाल्लंसा?"

"स्टँडावर भजी," आबा म्हणाले. "लय तेलकट हुती."

माझ्या वडिलांना मी आयुष्यात एकदाच खोटे बोलताना ऐकले, ते हे. माझ्या भावाचा सगळा पुरावा या एका वाक्यावर उभा आहे. "आबांनी सोता सांगितलंय," असे तो आजही म्हणतो, आणि त्यात तो खोटा नाही.

पण पुढचे त्याने पाहिले नाही, कारण तो पानात पाहत होता. साताऱ्याला नेऊन उरलेले आमच्या विहिरीचे पाणी आई नेहमी तुळशीत ओतत असे. तिने तांब्या घेतला, फिरकी फिरवली आणि ओतायला गेली. तांब्या जड लागला असावा. असा भरलेला तो कधी परत येत नसे. तिने ओंजळीत थोडे घेऊन चाखले. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ होते, ते जिभेवर ठेवले की कळे. हे पाणी गोड होते.

तिने आबांकडे पाहिले. आबा घोंगडी झटकत होते. तुळशीपुढे उभी राहून, तोंड वर करून, मध्ये दम न घेता, तिने तो सगळा तांब्या पिऊन टाकला. मग फिरकी घट्ट लावून तो खुंटीला अडकवला आणि आबांचे पान वाढायला घेतले.

आबा म्हणाले, "मला नको. भूक न्हाई."

आईने पान परत भिंतीला लावून ठेवले.